इंजिन बांधलं आणि लोडच दिला नाही: एका ट्रॅक्टरचं प्रकरण

तीन सिलिंडरचा, ४५ एचपीच्या गटातला, टर्बो नसलेला ट्रॅक्टर. मीटरवर सहा हजारांच्या आसपास तास. भाद्रपदात फुल इंजिनचं काम झालेलं: लायनर-पिस्टन किट नवं, क्रँक ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंग, हेडला फेसिंग, व्हॉल्व नव्याने बसवलेले. डिझेलचा फवारा मारणारे नोझल मात्र जुनेच ठेवले होते, ‘अजून चालतायत’ म्हणून. मार्गशीर्षात हा ट्रॅक्टर माझ्या दारात आला तेव्हा कामानंतर मीटर जेमतेम सत्तर तास पुढे सरकला होता आणि तेवढ्यात वरून सहा लिटर इंजिन ऑइल घालून झालं होतं.

माझं पंढरपुरात पंप-नोझलचं वर्कशॉप आहे. इंजिन बांधायचं काम मी क्वचित करतो. पण नव्याने बांधलेल्या इंजिनाने धूर मारला की गॅरेजवाल्याचं बोट आधी पंपाकडे जातं, आणि गिऱ्हाईक माझ्याकडे येतं. इथेही तेच झालं. सांगोल्याकडचे मालक, डाळिंबाची बाग, थोडा ऊस नदीकाठच्या शेतात. वय साठीच्या पुढे, सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणतो. आबांना गॅरेजवाल्याने सांगितलेलं, “पंप ओव्हर देतोय, कॅलिब्रेशन करून घ्या.”

पंप ओव्हर, म्हणजे गरजेपेक्षा जास्त डिझेल, देत असेल तर धूर काळा येतो, आणि तो लोडवर येतो. या ट्रॅक्टरचा धूर निळसर-पांढरा होता, रिकामा उभा असतानाही येत होता, आणि डोळ्यांना झोंबत होता. सायलेन्सरच्या जोडातून काळं चिकट पाणी ओघळून बॉनेटच्या कडेवर वाळलेलं. ते पाणी नव्हे, अर्धवट जळलेलं ऑइल आणि डिझेल. पंपाचा यात दोष नाही हे बघताक्षणीच कळत होतं. तरी आबा लांबून आले होते आणि त्यांची खात्री पटणं गरजेचं होतं, म्हणून पंप उतरवून बेंचवर लावला. तिन्ही लाइनींचं डिझेल सारखं, मापात. नोझल तपासले तेव्हा मात्र एक गोष्ट सापडली: तीन नंबरचं नोझल फवारा संपल्यावर टपकत होतं. पुढे या टपकण्याचा संबंध लागला, पण एवढ्याशा टपकण्याने सत्तर तासांत सहा लिटर ऑइल जात नाही.

ऑइल किती जळतं हे तासावर मोजण्यात अर्थ नसतो, ते डिझेलच्या तुलनेत मोजायचं. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिच्या अहवालांत ऑइलच्या खपाला मर्यादा लावलेली असते ती जास्तीत जास्त शक्तीवर जळणाऱ्या डिझेलच्या १ टक्क्याची. ही वरची मर्यादा झाली, चांगलं इंजिन तिच्या बरंच खाली राहतं. आबांच्या डिझेलच्या वहीवरून सत्तर तासांत साधारण दोनशे लिटर डिझेल गेलेलं. म्हणजे ऑइल ३ टक्के. सहा हजार तास चाललेलं जुनं इंजिनही काम करण्यापूर्वी एवढं खात नव्हतं, असं आबाच म्हणाले.

दोनशे लिटर या आकड्यावर मी अडलो. सत्तर तासांना दोनशे लिटर म्हणजे तासाला तीन लिटरही नाही. या गटातला ट्रॅक्टर रोटर (रोटाव्हेटर) मारताना किंवा नांगरताना पाच-सहा लिटर पितो. मग या ट्रॅक्टरने सत्तर तास केलं काय?

आबांनी सांगितलं ते असं. इंजिन बांधून झाल्यावर ते जाम होतं, हाताने क्रँक फिरत नव्हता. मिस्त्रीने ते मोकळं व्हावं म्हणून गॅरेजच्या आवारात दिवसभर आयडलला, म्हणजे उभ्याउभ्या कमी रेसवर, चालू ठेवलं, रात्रीही काही तास ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आबांना बजावलं, “पहिला महिना मागं काही जोडू नका. लोड द्यायचा नाही, हळू चालवायचं.” आबांनी शब्द न् शब्द पाळला. कडबा आणायला, रिकामी ट्रॉली घेऊन गावात जायला, बागेत खताची पोती टाकायला, एवढंच काम. दसऱ्याची पूजाही झाली, पण नांगर काही लागला नाही.

मी विचारलं, “आबा, पाण्याचा काटा हिरव्यात आलेला कधी बघितला का?”

“काटा? तो वर येतच नाही. थंड चालतंय इंजिन. चांगलंच आहे की.”

बॉनेट उघडून वरच्या नळीचं घर खोललं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, नव्हता. काम करताना काढून टाकलेला. आपल्याकडे ही सर्रास चालणारी गोष्ट आहे: थर्मोस्टॅट अडकला तर इंजिन तापेल, म्हणून तो फेकूनच द्यायचा. तो नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, आणि हलक्या कामावर इंजिन कधी ८० अंशांच्या जवळपास जातच नाही. डिसेंबरच्या सकाळी तर नाहीच नाही. मिस्त्रीने वर खबरदारी म्हणून आयडलला चालवताना रेडिएटरवर पाण्याची नळीही सोडून ठेवली होती.

निदानाचा मोठा भाग इथेच झाला होता, पण तो समजण्यासाठी लायनरच्या आत काय चालतं ते बघायला हवं.

नवा लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडरचा नळा, आतून गुळगुळीत नसतो. होनिंग करताना त्यावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा मुद्दाम ओढलेल्या असतात. त्या रेघांच्या खाचांत ऑइल धरून राहतं, आणि रेघांचे जे उंचवटे असतात त्यांवर पिस्टनची रिंग घासून स्वतःला लायनरच्या आकाराला बसवून घेते. नवी रिंग कितीही अचूक असली तरी पहिल्या दिवशी सगळ्या घेराने टेकत नाही, काही ठिकाणीच टेकते. टेकवायचं काम तिचा स्वतःचा ताण थोडंच करतो, खरं काम वरचा वायू करतो. जळणाचा दाब वरच्या रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि रिंगेला आतून बाहेर, लायनरवर दाबतो. लोड जास्त तर दाब जास्त, आणि रिंग लवकर बसते. हे घासून बसणं पहिल्या काही तासांतच बहुतेक उरकतं, कारण तेव्हाच उंचवटे ताजे आणि धारदार असतात.

डिझेल इंजिनाला कार्ब्युरेटरवाल्या गाडीसारखा हवेचा पडदा नसतो, त्यामुळे आयडललाही कॉम्प्रेशन भरपूर असतं, मग दाब कमी कसा, असा प्रश्न एखादा जाणकार विचारेल. कॉम्प्रेशन असतंच. पण आयडलला जळतं जेमतेम थेंबभर, त्यामुळे जळणाने त्यावर जी भर पडायला हवी ती पडत नाही, आणि लायनरची भिंत थंड राहते. थंड भिंतीवर डिझेल पूर्ण जळत नाही. ते भिंतीवर चिकटतं, ऑइलचा थर धुतं, आणि न बसलेल्या रिंगेच्या कडेने खाली उतरतं. उलट बाजूने ऑइल वर येतं आणि अर्धवट जळून त्या तिरक्या खाचांत लाखेसारखं भरत जातं. खाचा भरल्या, वर तपकिरी चकाकी चढली, की रिंगेला घासायला काही उरत नाही. मग ती न बसलेली तशीच राहते आणि इंजिन ऑइल खातं. गॅरेजात याला काच धरणं म्हणतात, ग्लेझिंगही म्हणतात.

आबांच्या ट्रॅक्टरचं ऑइल मी काडीवरून बोटावर घेतलं तर त्याला डिझेलचा वास होता आणि ते बोटांत पातळ लागत होतं. म्हणजे काडीवर जी पातळी दिसत होती तिच्यात डिझेलचाही वाटा होता. खरा खप सहा लिटरहून जास्तच असणार. मध्ये कोणीतरी सल्ला दिला म्हणून आबांनी जाड ग्रेडचं ऑइल आणि धूर कमी करणारी एक बाटली असं दोन्ही घातलं होतं. बसायच्या अवस्थेतल्या रिंगेला घर्षण कमी करणारं कुठलंही औषध देणं म्हणजे तिचं राहिलेलं काम थांबवणं.

नोझलच्या भोकातून मोबाईलला जोडायचा बारीक कॅमेरा आत सोडला. चित्र फार स्वच्छ नव्हतं, या कॅमेऱ्यांवर पैज लावू नये, पण तिसऱ्या लायनरची भिंत आरशासारखी चमकत होती आणि तिच्यावर तपकिरी पट्टे होते, एवढं दिसलं. पहिल्या दोघांत तिरक्या रेघा अंधुक का होईना दिसत होत्या.

दोन मार्ग होते. एक, लगेच इंजिन खोलणं. दुसरा, आधी लोड देऊन बघणं. काच पातळ असेल तर चांगल्या गरम, चांगल्या लोडवरच्या इंजिनात ती काही प्रमाणात निघते आणि रिंग उशिरा का होईना बसते. आबांचा उसाचा खोडवा मोडायचा होता, काळी जमीन, नांगराला भरपूर ओढ. इंजिन खोलायचा खर्च करण्यापूर्वी तेवढं करून बघणं मला शहाणपणाचं वाटलं.

आधी थर्मोस्टॅट नवा बसवला. तीन नंबरचं नोझल बदललं, बाकीची दोन सेट केली. जुनं ऑइल आणि फिल्टर काढून पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचं, १५डब्ल्यू-४० ऑइल घातलं, औषधाची बाटली बंद. मग आबांच्या मुलाला नीट समजावलं. सुरू केल्यावर ऑइलचा दाब आला एवढं बघायचं, दोन-तीन मिनिटांत निघायचं, उभं ठेवून तापवत बसायचं नाही. शेतापर्यंत हलकं चालवायचं. काटा हिरव्यात आला की पलटी नांगर लावायचा. नांगराची खोली अशी धरायची की इंजिनाची रेस थोडी पडली पाहिजे पण काळा धूर निघता कामा नये. दहा-पंधरा मिनिटं असं ओढून मग नांगर उचलून एखादी फेरी हलकी मारायची, पुन्हा ओढायचं. मोठ्या गियरमध्ये कमी रेसवर रेटायचं नाही. तसं रेटल्याने दाब वाढतो खरा, पण बेअरिंगवर ऑइलचा थर टिकत नाही आणि नवं बेअरिंग मार खातं. थांबताना तीन-चार मिनिटं आयडलला ठेवून बंद करायचं. आयडलचं काम एवढंच.

पहिल्या दिवशी आबांचा घाबऱ्या आवाजात फोन आला. धूर वाढला होता. तो वाढणारच होता, सायलेन्सरमध्ये महिनाभर साचलेलं ऑइल आता तापून जळत होतं. दुसऱ्या दिवसापासून तो उतरत गेला. पहिल्या दहा तासांत इंजिनाने एक लिटर ऑइल घेतलं. आबा म्हणाले, फरक काय पडला मग? तासावर बघितलं तर खरंच फरक नव्हता. पण त्या दहा तासांत पंचावन्न लिटर डिझेल जळलं होतं. ऑइल २ टक्क्यांच्याही खाली आलेलं. पुढच्या पंधरा तासांत ऐंशी लिटर डिझेलला पाऊण लिटर ऑइल लागलं, म्हणजे १ टक्क्याच्या किंचित खाली.

इथे थांबता आलं असतं. बरेच जण थांबतात, आणि ट्रॅक्टर हंगामभर चालतोही. पण हे इंजिन नुकतं बांधलेलं होतं. त्याने १ टक्क्याच्या मर्यादेला चिकटून राहणं मला पटत नव्हतं. शिवाय धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड खोलून बघितला तर एक आणि दोन नंबरची तोंडं कोरडी, राखाडी होती, तीन नंबरचं ओलं. लोड सगळ्यांना सारखाच मिळाला होता, तरी तिसरा सुधारला नव्हता. मी आबांना खोलायला सांगितलं, आणि ज्या गॅरेजात बांधलं होतं तिथेच नेऊन मिस्त्रीच्या देखत खोललं. असं प्रकरण मिस्त्रीने स्वतः बघितलेलं बरं.

हेड उतरवलं, चेंबर (खालची ऑइलची टाकी) काढलं, तीन नंबरचा पिस्टन वरून ओढला. तुलनेसाठी एक नंबरचाही काढला. मिस्त्रीचा पहिला संशय लायनर बनवणाऱ्यावर होता, होनिंगच नीट नसेल. पण लायनरच्या अगदी खालच्या भागात, जिथे रिंग पोचत नाही, तिथे तिरक्या रेघा स्वच्छ आणि एकसारख्या होत्या. होनिंग चांगलंच होतं, ते वर बुजलं होतं. रिंगा उलट्या बसल्यात का तेही बघितलं. खुणा वर होत्या, तोंडांची अंतरं मापात, एका रेषेत आलेली नव्हती. बांधणीत मला खोट काढता आली नाही.

रिंगा हातात घेतल्यावर बाकीचं स्पष्ट झालं. एक नंबरच्या वरच्या रिंगेवर घासल्याची चमकदार पट्टी सगळ्या घेरावर होती. तीन नंबरच्या रिंगेवर ती तुटक होती. जवळजवळ एक तृतीयांश घेर लायनरला कधी टेकलाच नव्हता. टपकणाऱ्या नोझलने तिसऱ्या लायनरवर डिझेल जास्त सांडलं, तिथे काच जास्त जाड धरली, आणि म्हणून नुसत्या लोडने ती निघाली नाही, असा माझा निष्कर्ष आहे. एकटं नोझल असतं तर एवढं झालं नसतं. दोन दिवसांच्या आयडलनंतर तिसऱ्या दिवशी नांगर लागला असता तरीही बहुतेक इंजिन वाचलं असतं, असं मला वाटतं. पुढचा महिनाभर लोड न देणं आणि थर्मोस्टॅट नसणं हे जास्त महागात गेलं.

तीन नंबरच्या लायनरला लवचीक होनने, ड्रिल कमी वेगात ठेवून आणि हात वर-खाली एका लयीत फिरवून पुन्हा तिरक्या रेघा काढल्या. त्यानंतर धुणं. हे काम डिझेलने किंवा पेट्रोलने पुसून करतात ते चूक आहे. होनचे बारीक कण खाचांतच राहतात आणि नव्या रिंगेला खातात. गरम पाणी, कपड्याचं साबण पावडर आणि ब्रश, आणि पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच बाहेर येईपर्यंत पुन्हा पुन्हा. मग लगेच ऑइलचा हात, नाहीतर बघता बघता गंज धरतो. तीन नंबरला नव्या रिंगा घातल्या. एक आणि दोनच्या रिंगा बसलेल्या होत्या, त्यांना हात लावला नाही.

या वेळी सुरुवात वेगळी झाली. डिझेल बंद ठेवून स्टार्टरने फिरवून आधी ऑइलचा दाब आणला. सुरू केल्यावर वीसेक मिनिटांत गळती, आवाज, दाब बघून घेतले, आणि त्याच दुपारी काटा हिरव्यात येताच रोटर जोडून शेतात. पन्नास तासांनी ऑइल-फिल्टर बदललं, तोवर अर्धा लिटरही वरून घालावं लागलं नव्हतं. त्या पन्नास तासांत अडीचशे लिटरच्या पुढे डिझेल गेलं होतं. ब्रिदरमधून, म्हणजे इंजिनाच्या श्वासाच्या नळीतून, येणारी वाफही साधी राहिली.

“लोड नको, हळू चालवा” हा सल्ला हवेतून आलेला नाही. अॅम्बेसेडर-पद्मिनीच्या काळात नव्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ लिहिलेलं असायचं. नव्या इंजिनात पिस्टन आणि भिंत यांच्यातली जागा कमी, धातूचे खडबडीतपण जास्त. वेगाने आणि सलग रेटलं तर पिस्टन तापून फुगतो आणि अडकतो. ही भीती खरी होती आणि आजही पूर्ण खोटी नाही. म्हणून पूर्ण लोड तासन् तास देऊ नये, उतरवत-चढवत द्यावा. पण नव्या इंजिनाला जास्त लोडने अपाय होतो तसा अगदी कमी लोडनेही होतो, आणि आपल्या गॅरेजांत पहिलाच धोका तेवढा शिकवला जातो.

मोटारसायकल किंवा कार नवी घेतलेल्यांना एवढं सगळं करायची गरज नाही. कंपनीच्या लायनरचे टोकदार उंचवटे कारखान्यातच काढलेले असतात. मारुतीच्या गाड्यांच्या पुस्तिकेत पहिल्या ९६० किलोमीटरसाठी सूचना असतात. हा विचित्र आकडा म्हणजे ६०० मैल. त्यांत इंजिन रेस करू नका याच्याबरोबरच बराच वेळ एकाच वेगाने चालवू नका हेही असतं. हे दुसरं वाक्य लोक वाचत नाहीत. पुणे-सोलापूर रस्त्यावर नवी गाडी टॉप गियरमध्ये ४० वर तासभर चालवत नेणारा माणूस तिची काळजी घेत नसतो. त्यापेक्षा गाव-रस्ता, चढ, उतार, गियर बदलत, मधेच जरा ओढून मग सोडून चालवलेली गाडी चांगली बसते. आणि पहिली सर्व्हिस, म्हणजे पहिलं ऑइल बदलणं, लांबवू नये. रिंगा बसताना निघालेली धातूची भुकटी त्याच ऑइलात असते.

मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकणं बंद केलं आहे. निदान माझ्याकडे आलेल्या त्याच्या इंजिनांत तो सापडतो. आयडलचं मात्र त्याला पूर्ण पटलेलं नाही. आता तो बांधलेलं इंजिन दिवसभराऐवजी तासभर रिकामं चालवतो. तासही मला जास्त वाटतो, आणि हे मी त्याला सांगितलं आहे.